नाद, छंद आणि नोकरी



संगीतावर अधिकाराने बोलावे एवढे माझे ज्ञान नाही. मी साहित्य शिकवते. म्हणून गाण्याभोवतीच्या तीन शब्दांविषयी बोलते.

'नाद' हे संगीताचे मूळ. पण घरात 'पोराला गाण्याचा नाद लागला' हे वाक्य काळजीनेच उच्चारले जाते. काव्यशास्त्रात 'छंद' म्हणजे नियमबद्ध रचना. व्यवहारात तो फावल्या वेळापुरता उरला. 'हौशी' या शब्दाला नाटकात राज्य नाट्यस्पर्धेने मान मिळवून दिला. गाण्यात मात्र हौशी म्हणजे कच्चा, हाच अर्थ राहिला.

हे मला माझ्याच चुकीतून उमगले. माझे वडील इथे हैदराबादेत, बालानगरच्या एका कारखान्यात यंत्रावर काम करीत. रात्रपाळी करून आले की झोपण्यापूर्वी तंबोरा घेऊन बसत. भिंतीपलीकडचे बिऱ्हाड झोपेत असे, म्हणून खर्जातच गात. ते गेल्यावर एका स्मरणिकेसाठी मी लिहिले, 'त्यांना संगीताचा छंद होता.' आईने वाचले आणि एवढेच म्हणाली, "अगं, छंदाला सुट्टी असते. ह्यांनी कधी घेतली होती?"

नोकरी आणि गाणे यांचा हिशेब प्रत्येकाने वेगळा मांडला आहे. डॉ. वसंतराव देशपांडे यांनी लष्कराच्या हिशेब खात्यात अनेक वर्षे नोकरी केली. 1967 साली 'कट्यार काळजात घुसली'मधील खाँसाहेब रंगभूमीवर आले, तेव्हा त्यामागे त्या काळातलीही तपश्चर्या होती. डॉ. अश्विनी भिडे-देशपांडे यांनी भाभा अणुसंशोधन केंद्रातून जीवरसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवली आणि मग गाण्याचाच मार्ग धरला. डॉ. अरुण द्रविड यांनी मोगूबाई कुर्डीकर आणि किशोरी आमोणकर यांच्याकडे तालीम घेतली आणि रसायन अभियंता म्हणूनही कारकीर्द केली. एकाने नोकरी उशिरा सोडली, एकीने प्रयोगशाळा मागे ठेवली, एकाने दोन्ही सांभाळले. यांपैकी कोणाला आपण 'छंद होता' म्हणू?

1998 साली सायबर टॉवर्स उभे राहिले आणि या शहराची घड्याळे बदलली. दुसरी भाषा म्हणून मराठी घेतलेले माझे काही विद्यार्थी आज तिथे संगणक अभियंते आहेत. अमेरिकेतल्या सहकाऱ्यांशी बोलणे रात्री उशिरापर्यंत चालते, मग पहाटेचा रियाज बुडतो. त्यांतला एक कार्यालयाच्या वाहनतळावर गाडीच्या काचा बंद करून अर्धा तास पलटे घोटतो. 'मॅडम, सूर सुटू नये एवढेच बघतो,' म्हणतो. वडिलांना शेजाऱ्यांची झोप होती, याला काचा आहेत.

अर्थात, अर्ध्या तासाचा रियाज आठ तासांच्या रियाजाची बरोबरी करीत नाही. ती मर्यादा नोकरी करणाऱ्या गायकाला सर्वांत आधी कळते. पण कमी वेळ म्हणजे कमी निष्ठा नव्हे, एवढे भाषेने तरी ओळखावे.

यासाठी नवा शब्द घडवण्याची गरज नाही. 'साधक' हा शब्द आपल्याकडे आहेच. त्याला पगाराची अट कधीच नव्हती. आपल्यापैकी अनेकजण कार्यक्रमांत परिचय करून देतात. 'नोकरी सांभाळून गातात' असे सुरुवातीलाच सांगू नका. गुरू कोण, तालीम किती वर्षांची, हे आधी सांगा; हुद्दा शेवटी आला तरी चालेल.

स्मरणिकेतले माझे वाक्य आता बदलता येत नाही. म्हणून इथे सांगते: माझे वडील साधक होते, ते कारखान्यात नोकरी करीत.