ग्राइंडर चालू करण्याआधी

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयकांनी केलेलं हे भाषण. सभेला येऊ न शकलेल्या ताईंसाठी मजकूर इथे देत आहोत.)



विषय ऐकून तुम्हाला वाटेल, ग्राइंडर म्हणजे वाटणाचा मिक्सर. तो नाही. लोखंड, पाइप, फरशी कापायचा हातातला ग्राइंडर. वेल्डिंगवाला वापरतो, ठिणग्या उडतात, तो. आता विचाराल, याचा बचत गटाशी काय संबंध?

संबंध आहे. शहापूर, मुरबाडकडे शेळ्यांसाठी शेड बांधायची तर पाइप कापायला ग्राइंडर लागतो. भातकापणीच्या आधी विळे-कोयते त्याच्यावरच घासतात. घरातला कुणी वागळे इस्टेटला, कुणी डोंबिवली एमआयडीसीत, कुणी भिवंडीच्या शेडमध्ये कामाला जातो आणि सुट्टीच्या दिवशी मशीन घरी घेऊन येतो. काही गटांनी तर अंतर्गत कर्जातून हे मशीन घेतलंय. मशीन आलं, पण ते कसं वापरायचं हे कुणी सांगितलं का? दुकानदार बिल देतो, माहिती देत नाही. आणि डोळा गेला किंवा बोट गेलं तर कर्ज मागायला गटाकडेच यावं लागतं.

आधी हे मशीन किती जोरात फिरतं ते बघा. चार इंची ग्राइंडर मिनिटाला साधारण ११,००० फेरे मारतो. म्हणजे चाकाच्या कडेचा वेग ताशी २०० किलोमीटरच्या आसपास. कल्याण स्टेशनातून धडधडत जाणारी मेल गाडीसुद्धा एवढी जोरात जात नाही. त्या वेगात चाक फुटलं, तर तुकडा चुकवायला वेळच मिळत नाही. म्हणून काळजी घ्यायची ती बटण दाबण्याआधी.

चाक बघून घ्या. प्रत्येक चाकावर जास्तीत जास्त किती आरपीएम चालेल तो आकडा छापलेला असतो. तो मशीनवरच्या आकड्यापेक्षा कमी असेल तर ते चाक लावायचं नाही. मोठं चाक बसावं म्हणून गार्ड, म्हणजे चाकावरचं लोखंडी झाकण, काढून टाकणारे खूप आहेत. सात इंची चाक साधारण ८,५०० फेऱ्यांसाठी बनवलेलं असतं. ते ११,००० फेऱ्यांच्या छोट्या मशीनवर चढवलं की फुटायची तयारीच झाली. गार्ड काढायचा नाही, आणि तो आपल्या अंगाच्या बाजूला येईल असा फिरवून ठेवायचा.

पातळ चाक कापायचं आणि जाड चाक घासायचं. पातळ चाकाच्या बाजूने घासलं तर ते तडकतं. तडा गेलेलं, खाली पडलेलं, ओल लागलेलं चाक टाकून द्या. आपल्याकडे पावसाळ्यात भिंतीसुद्धा ओल धरतात, मग पडवीत ठेवलेल्या चाकाचं काय? चाकातला डिंकासारखा चिकट पदार्थ ओलीने कमजोर होतो. म्हणून चाकं बंद डब्यात, कोरड्या जागी ठेवा. बऱ्याच चाकांच्या मधल्या लोखंडी कड्यावर मुदतीचं वर्षही असतं. औषधाची तारीख बघतो तशी ती बघायची.

लाकूड कापायचं दातेरी पातं या मशीनला कधीच लावू नका. ते लाकडात अडकलं की मशीन हातातून उसळतं. सरपण, बांबू यासाठी करवत आणि कोयता आहेच.

उसळी का बसते? हे नीट समजून घ्या, कारण मोठ्या जखमा इथेच होतात. समजा, पाइप दोन विटांवर ठेवला आणि मधोमध कापायला घेतला. कापत आलं की पाइप मध्ये खचतो, फट मिटते आणि फिरतं चाक त्यात आवळलं जातं. चाक थांबतं, पण मशीनचा जोर थांबत नाही. तो सगळा जोर मशीनला मागे, आपल्याकडे फेकतो. उपाय सोपा आहे. पाइप शिकंज्यात घट्ट धरा आणि बाहेर आलेलं टोक कापा, म्हणजे तुकडा आपोआप खाली पडेल. पायाखाली दाबून कापायचं नाही. बाजूची मूठ लावून मशीन दोन्ही हातांनी धरा. चाकाच्या रेषेत उभं न राहता थोडं बाजूला राहा. नवीन चाक लावलं की आधी मिनिटभर रिकामं फिरवा, समोर कुणी नाही ना ते बघून.

अंगावर काय हवं? डोळ्यांना बाजूनेही बंद असलेला गॉगल. नंबरचा चष्मा चालत नाही. दुकानात शे-दीडशे रुपयांत साधा गॉगल मिळतो. नाकाला धुळीचा मास्क हवा, पदर किंवा ओढणी बांधून बारीक धूळ अडत नाही. पदर, ओढणी, वेणी, मंगळसूत्र, बांगड्या यातलं काहीही चाकाजवळ लोंबता कामा नये. मंगळसूत्र काढायला नको वाटत असेल तर ब्लाउजच्या आत घ्या आणि वरून बटणाचा शर्ट घाला. शेतात घालतो तोच. केस बांधून रुमालाखाली. ढगळ हातमोजे घालू नका, हाताला बसणारे घाला. पायात चप्पल नको, बूट हवेत.

लाईट गेली तर? आपल्या गावांत हे रोजचंच. मशीन चालू असताना लाईट गेली, आपण ते बाजूला ठेवून चहा प्यायला गेलो. बटण चालूच राहिलं. तासाभराने लाईट आली आणि अंगणात पोरं खेळत असताना मशीन आपोआप सुरू झालं! म्हणून लाईट गेली की आधी बटण बंद, मग पिन बाहेर. चाक बदलतानाही पिन काढलेलीच हवी. सॉकेटमध्ये काडी खोचून उघड्या वायरी लावायच्या नाहीत. घरात ईएलसीबी बसवून घ्या, शॉक बसला तर तो क्षणात वीज तोडतो.

ठिणग्या आणि धूळ. ठिणगी तीस-पस्तीस फुटांपर्यंत जाऊ शकते. तेवढ्या अंतरात पेंढा, पेट्रोल, रंग, गॅसची टाकी नको. काम झाल्यावर अर्धा तास लक्ष ठेवा, कारण पेंढा आतून धुमसतो.

एक गोष्ट मी हात जोडून सांगते. भंगारातून आणलेला रिकामा ड्रम ग्राइंडरने कापू नका. पाण्यासाठी, खतासाठी आपण असे ड्रम घेतो. आत आधी थिनर किंवा केमिकल असेल, तर ड्रम रिकामा दिसला तरी वाफ भरलेली असते. एक ठिणगी पुरते. डोंबिवली एमआयडीसीत २६ मे २०१६ ला आणि २३ मे २०२४ ला स्फोट झाले, केमिकल काय करू शकतं हे आपण तेव्हा बघितलंय. पाण्यासाठी नवीन प्लास्टिकची टाकीच घ्या.

सिमेंटचे पत्रेही ग्राइंडरने कापू नका. त्यांतल्या बऱ्याच पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतं. त्याचे बारीक तंतू फुप्फुसात बसतात आणि खूप वर्षांनी आजार होतो, कॅन्सरसुद्धा. पत्रा कापायचाच असेल तर ओला करून हातकरवतीने कापा, मास्क लावून. फरशी कापतानाही पोरांना लांब ठेवा, तिची धूळही फुप्फुसाला वाईटच.

विळ्या-कोयत्याला धार लावताना चाक धारेवरून बाहेर जाईल असं धरा. धारेच्या दिशेने आत आलं तर पातं पकडलं जातं. आणि घाई नको. धार निळी पडली म्हणजे पाणी उतरलं, मग ती दोन दिवसही टिकत नाही.

आणि झालंच काही तर? डोळ्यात कण गेला तर चोळू नका. शेजारणीला रुमालाच्या टोकाने किंवा सुईने काढायला देऊ नका. लोखंडाचा कण काही तासांत डोळ्यातच गंजायला लागतो. स्वच्छ पाण्याने धुवा, आणि तरी टोचत असेल तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. कण रुतलेला दिसत असेल तर धुऊ नका, दाबू नका. वरून कागदी कप अलगद झाकून न्या. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कपडा घट्ट दाबून धरा आणि १०८ ला फोन करा. हळद, तंबाखू भरू नका. बोट तुटलं तर ते स्वच्छ ओल्या कपड्यात गुंडाळा, पिशवीत बांधा आणि ती पिशवी बर्फावर ठेवा. बर्फ थेट बोटाला लागू देऊ नका. धनुर्वाताचं इंजेक्शन विसरू नका.

काहीजणी म्हणतात, हे पुरुषांचं काम, आम्हाला कशाला? ताईंनो, मशीन नवरा किंवा मुलगा चालवत असला, तरी गॉगल घातलाय का हे विचारणारी घरात तुम्हीच असता. आणि ज्यांना स्वतः शिकायचंय त्यांनी जरूर शिका. जोर लागतो हा गैरसमज आहे. दाबलं की उलट चाक तुटतं, वजन मशीनचंच पुरतं. बांधकामावर जाणाऱ्या ताईंनी एक लक्षात ठेवा. वर्षात ९० दिवस काम केलं असेल तर राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करता येते आणि मंडळाची सुरक्षा संचाची योजना आहे. कागद कोणते लागतात ते मला विचारा.

दशसूत्रीत आरोग्याची काळजी हेही एक सूत्र आहे. म्हणून माझी विनंती एवढीच: ज्या गटाकडे मशीन आहे त्याने पुढच्या बैठकीत दोन ठराव इतिवृत्तात लिहावेत. एक, मशीनबरोबर दोन गॉगल आणि मास्क गटाच्या पैशातून घ्यायचे. दोन, मशीन कुणालाही द्यायचं ते गॉगलसकट द्यायचं, आणि परत आलं की गार्ड जागेवर आहे का ते बघूनच वहीत नोंद करायची. बचतीचा एकेक रुपया आपण वहीत लिहितो. डोळ्यांचा हिशोबही तसाच ठेवूया.