तक्रारीकडून निगराणीकडे

कोणत्याही मोठ्या कचेरींत आज संगणकांच्या सेवेस दोन प्रकारचीं माणसें लागतात. कोणी पासवर्ड विसरला, कोणाचा प्रिंटर अडला, कीं हांकेस धांवणारा तो हेल्पडेस्कचा मनुष्य. सर्वांचे हिशेब व कागदपत्रें ज्याच्यावर असतात, तो सर्व्हर सांभाळणारा तो सिस्टीम ॲडमिनिस्ट्रेटर. पहिला तक्रारीची वाट पाहतो. दुसऱ्यानें ती उद्भवूंच द्यावयाची नसते.

माणगांव तालुक्यांत लोणेरे येथें डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ १९८९ सालीं स्थापन झालें आणि ही विद्या तेथील मुलांच्या उंबरठ्याशीं आली. तरी पदवी घेतलेल्या तरुणासही हेल्पडेस्कपासून आरंभ करावा लागला, तर त्यांत नवल नाहीं. दोन-तीन वर्षें लोटलीं कीं त्याला कनिष्ठ ॲडमिनिस्ट्रेटरच्या जागेची ओढ लागते. आणखी एक प्रमाणपत्र मिळविलें म्हणजे झालें, असें घरच्या मंडळींनाही वाटतें. प्रमाणपत्राचा उपयोग आहेच; परंतु या दोन जागांमधलें खरें अंतर जबाबदारीचें आहे. हेल्पडेस्कवरची चूक एका माणसाचा तास खाते. सर्व्हरवरची चूक सबंध कचेरीचें काम थांबविते.

३१ जानेवारी २०१७ रोजीं गिटलॅब या परदेशी कंपनींत हेंच घडलें. रात्रीं उशिरा काम करणाऱ्या एका अभियंत्यानें एका सर्व्हरवरील माहिती पुसावयाची ती चुकून दुसऱ्या, चालू सर्व्हरवरची पुसली. बॅकअपच्या पांच रीती योजलेल्या होत्या. ऐन वेळीं एकही धड उपयोगी पडली नाहीं. सुदैवानें सहा तासांपूर्वीं हातानें घेतलेली एक प्रत सांपडली, म्हणून बहुतेक सारें वांचलें. कंपनीनें ही हकीकत न लपवितां प्रसिद्ध केली, हेंही शिकण्याजोगें आहे.

ही सावधगिरी हेल्पडेस्कवर बसूनच अंगीं बाणवितां येते. तक्रारींची वही ठेवावी. एकच तक्रार दहादां आली तर तिचें मूळ शोधावें. घरच्या जुन्या संगणकावर लिनक्स ही विनामूल्य प्रणाली बसवावी, मोडावी, पुन्हां उभी करावी. रोज हातानें करावें लागणारें काम यंत्राकडून करवून घेणारी छोटी आज्ञावली लिहावी. मग वरिष्ठांकडे एकच लहान काम मागून घ्यावें: दर आठवड्यास बॅकअपची प्रत प्रत्यक्ष उघडून पाहण्याचें.

३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलें, तेव्हां दक्षिण रायगडांत कित्येक दिवस वीज व दूरध्वनी बंद होते. अशा प्रसंगीं मूळ माहिती व तिची प्रत एकाच खोलींत असतील, तर दोन्हीं एकदमच जावयाचीं. दूर ठेवलेली आणि उघडून पाहिलेली प्रत, तीच खरी प्रत. कोणी न सांगतां ती जो पाहून ठेवतो, तो पद मिळण्यापूर्वींच त्या पदाचें काम करूं लागलेला असतो.