कार्ड आहे, पण गोळी कुठे आहे?

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



विषय आम्ही मुद्दाम घरचा निवडला आहे. सरकारने सर्वांना मोफत आरोग्यसेवा द्यावी काय, आणि द्यायची तर कशी? हा वाद दिल्ली-मुंबईच्या सभागृहातला वाटतो. पण तो आपल्या वैजापूरच्या गल्लीतलाच आहे.

आमच्या वस्तीत एक काका आहेत. हमाली करून त्यांनी संसार केला. त्यांना बीपीही होता आणि साखरही. दवाखान्यात गेले की कधी गोळ्या मिळत, कधी 'संपल्या, बाहेरून घ्या' असे ऐकून परत यावे लागे. हाताला काम नसले की काका गोळी बंद करीत. 'काही होत नाही हो, चांगला फिरतोय की,' असे म्हणत. एके दिवशी पहाटे त्यांची डावी बाजू लुळी पडली. मग धावपळ, गाडी, मोठा दवाखाना. तिथे योजनेचे कार्ड चालले, बिल भरावे लागले नाही, हे आम्ही मोकळेपणाने कबूल करतो. पण हात गेला तो गेलाच. काकू आता दुसऱ्याच्या शेतात निंदायला जातात. बघा, काका पडल्यावर कार्ड कामाला आले. पण ते पडू नयेत म्हणून लागणारी गोळी मात्र वेळेवर मिळाली नाही.

बंधू-भगिनींनो, हा प्रश्न आजचा नाही. स्वातंत्र्यापूर्वी १९४३ साली सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि १९४६ साली तिने अहवाल दिला. पैसे नाहीत म्हणून कोणीही उपचाराविना राहू नये, हे त्या अहवालाचे सूत्र होते. त्याच काळात, १९४२ ते १९४६ पर्यंत, डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम प्रा. अडारकर यांच्याकडे त्यांच्याच कारकिर्दीत सोपविण्यात आले. त्यातूनच पुढे १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा आला. कारखान्यातल्या कामगाराला त्याचा आधार मिळाला. शेतमजूर, हमाल, ऊसतोड करणारा मात्र बाहेरच राहिला.

आज या वादाच्या दोन बाजू आहेत. एक बाजू म्हणते, सरकारने विम्याचे कार्ड द्यावे, रुग्णाने यादीतल्या सरकारी किंवा खाजगी दवाखान्यात जावे. दुसरी म्हणते, सरकारने स्वतःचेच दवाखाने भक्कम करावेत. आपल्या राज्यात २०१२ साली जीवनदायी योजना सुरू झाली. २०१७ साली तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. २०१८ साली केंद्राची आयुष्मान भारत योजना आली. २०२३ साली राज्य शासनाने सर्व कुटुंबांना वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत संरक्षण देण्याचा निर्णय घेतला. त्याच वर्षी १५ ऑगस्टपासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले. हृदयाचे ऑपरेशन, कॅन्सर, डायलिसिस यांत या योजनांनी कित्येक घरे वाचवली. त्यांना नावे ठेवणे योग्य नाही.

पण कार्ड चालते ते मुख्यतः अॅडमिट झाल्यावर. रोजची गोळी, खोकला-ताप, रक्ताची तपासणी यांचे काय? केंद्राच्याच हिशेबानुसार २०१३-१४ मध्ये आरोग्यावरील प्रत्येक शंभर रुपयांतले ६४ रुपये लोकांच्या खिशातून जात होते, २०२१-२२ मध्ये ३९ जात होते. ओझे कमी झाले, पण हातावर पोट असलेल्याला ३९ सुद्धा जड आहेत. सरकारी खर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्के करू, असे २०१७ च्या आरोग्य धोरणात लिहिले होते. ते काही झाले नाही.

काही जण म्हणतात, 'फुकट किती द्यायचे? पैसा कुठून आणायचा?' अहो, साबणाच्या वडीवर गरीबही कर भरतो. मग फुकट कसले? हा आपल्याच पैशाचा हिशेब आहे.

आता कायद्याचे बघू. संविधानाच्या कलम ४७ ने सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य ठरवले आहे. परंतु ते मार्गदर्शक तत्त्व असल्याने त्याच्या जोरावर कोर्टात दाद मागता येत नाही. १९९६ साली पश्चिम बंगालच्या एका शेतमजूर संघटनेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला. जखमी माणसाला सरकारी दवाखान्यांनी एकामागून एक परत पाठवले होते. तातडीचा उपचार नाकारणे म्हणजे जगण्याच्या हक्काचा भंग, असे न्यायालयाने ठरवले. तातडीच्या उपचारापुरता हक्क मिळाला, रोजच्या गोळीचा मिळाला नाही.

मग उपाय काय? तो बाबासाहेबांनीच सांगून ठेवला आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत ते म्हणाले होते की, ही तत्त्वे डावलणाऱ्या सत्ताधाऱ्याला कोर्टात नाही, तरी निवडणुकीत मतदारांपुढे उत्तर द्यावेच लागेल. पण आपण कधी प्रश्न विचारतो का? उमेदवार वस्तीत आला की आपण सभामंडप मागतो, कमान मागतो. दवाखान्यात डॉक्टर किती, औषध वर्षभर पुरेल का, हे कोण विचारतो?

म्हणून आमची एक सूचना आहे. या विहारात एक वही ठेवू. कुणाला कोणती गोळी मिळाली नाही, कोणत्या तारखेला, एवढेच तीत लिहू. दर महिन्याला ती वही घेऊन आपल्या उपजिल्हा रुग्णालयाच्या अधिकाऱ्यांना आणि रुग्ण कल्याण समितीला नम्रपणे भेटू. तिथले कर्मचारीही अपुऱ्या साधनांत राबतात. भांडायला नाही, हिशेब मांडायला जाऊ. निवडणूक आली की तीच वही उमेदवारापुढे ठेवू. लिहिण्याचे काम शिकलेल्या मुला-मुलींनी अंगावर घ्यावे.

अतिसाराने घाणीत पडलेल्या आजारी भिक्खूला तथागतांनी आनंदासह स्वतः धुतले, ही कथा आपण दर वर्षावासात ऐकतो. शेजाऱ्याची गोळी चुकली तर नाही ना, एवढे विचारणे आपल्या हातात आहे. वही उद्यापासून सुरू करू या.

जयभीम. नमो बुद्धाय.