माझी वाचनाची वही

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



शिक्षक भाषणाला उभा राहिला की तो वाचनाचे महत्त्व सांगणार, हे आता ठरूनच गेले आहे. १५ ऑक्टोबर हा डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस आपण 'वाचन प्रेरणा दिन' म्हणून पाळतो आणि त्या दिवशी मीही दरवर्षी पंधरा मिनिटे बोलतो. २०२३ साली असेच बोलून झाल्यावर आठवीतल्या एका मुलाने उठून विचारले, "सर, तुम्ही सध्या कोणतं पुस्तक वाचताय?"

त्याने काही खोडी काढण्यासाठी विचारले नव्हते. त्याला खरोखरच जाणून घ्यायचे होते. पण माझ्याजवळ उत्तर नव्हते. बी.ए.ला मराठी विषय घेऊन कादंबऱ्या वाचल्या त्या परीक्षेपुरत्या. बी.एड. झाले, नोकरी लागली, लग्न झाले, आणि नंतरच्या दहा वर्षांत पाठ्यपुस्तके, उत्तरपत्रिका, शासनाची परिपत्रके आणि मोबाईल यांपलीकडे माझी नजर गेली नाही. एकही कादंबरी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून झाली नव्हती. त्या मुलाला मी काहीतरी थातूरमातूर सांगून खाली बसवले. घरी जाताना मात्र स्वतःचीच लाज वाटत राहिली.

१ जानेवारी २०२४ रोजी मी एक दोनशे पानी वही घेतली. पट्टीने रकाने आखले : अनुक्रमांक, पुस्तकाचे नाव, लेखक, सुरू केल्याची तारीख, संपल्याची तारीख, पाने, शेरा. वर्षभरात छत्तीस पुस्तके वाचायची असा संकल्प केला. त्यांत चोवीस कादंबऱ्या आणि बारा ग्राफिक नॉव्हेल, म्हणजे चित्रकादंबऱ्या. छत्तीसचा आकडा मोठा वाटतो, पण हिशेब साधा आहे. रोज अर्धा तास वाचले तर सतरा-अठरा पाने सहज होतात. पंधरा दिवसांत अडीचशे पाने, म्हणजे मध्यम आकाराची एक कादंबरी. महिन्याला दोन, वर्षाला चोवीस. ज्या माणसाला मोबाईलवर रोज दीड तास घालवता येतो, त्याने 'वेळ नाही' म्हणू नये. हे मी स्वतःलाच सांगत होतो, आपण रागावू नये.

सुरुवात केली व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'ने. १९५५ सालचे पुस्तक. एक तरुण मास्तर औंध संस्थानातल्या धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला जातो, एवढीच गोष्ट. कॉलेजात मी ती परीक्षेच्या धाकाने वाचली होती आणि मला ती कंटाळवाणी वाटली होती. आता स्वतः मास्तर झाल्यावर वाचली तेव्हा कळले, की मुले शाळेत का येत नाहीत हे समजण्यासाठी आधी त्यांच्या घरच्या मेंढरांविषयी माहिती असावी लागते. शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिले, "हे बी.एड.ला लावायला हवे होते."

आता चित्रकादंबऱ्यांविषयी. पालकांचा पहिला आक्षेप इथेच असतो. 'चित्रांची पुस्तके ती लहान मुलांची, त्यांत वाचायचे काय?' माझेही मत फारसे वेगळे नव्हते. मुंबईला असलेल्या एका माजी विद्यार्थ्याने आर्ट स्पीगलमन यांचे 'माउस' पाठवले. पोलंडमधल्या एका ज्यू कुटुंबाची, हिटलरच्या छळछावणीतून वाचलेल्या बापाची ही खरी हकीकत मुलाने चित्रांतून मांडली आहे. ज्यू म्हणजे उंदीर, जर्मन म्हणजे मांजरे. या पुस्तकाला १९९२ साली पुलित्झर हे विशेष पारितोषिक मिळाले. मी ते दोन बैठकांत संपवले, वहीत नोंद केली आणि खूष झालो. कादंबरीला पंधरा दिवस लागतात, हे दोन दिवसांत झाले! मग माझ्याच मनाने मला पकडले. संख्या वाढावी म्हणून तर मी हे घेत नाही ना?

तेव्हा एक नियम केला. चित्रकादंबरी दोनदा वाचल्याशिवाय नोंदवायची नाही. पहिल्यांदा शब्द वाचायचे, दुसऱ्यांदा फक्त चित्रे पाहायची. दुसऱ्या वाचनात दिसले, की बाप पोलिश माणूस असल्याचे भासवून लपतछपत फिरतो तेव्हा चित्रकाराने त्याच्या उंदराच्या तोंडावर मुखवटा चढवला आहे आणि त्या मुखवट्याची दोरी डोक्यामागे स्पष्ट काढली आहे. पहिल्या वेळी ती दोरी माझ्या डोळ्यांना दिसलीच नव्हती. आणि त्या बापाने आपल्या मृत बायकोच्या वह्या जाळून टाकल्याचे मुलाला कळते, ते पान मी तिसऱ्यांदाही वाचले.

या नियमामुळे माझी गती मंदावली, पण पुस्तके हाती लागली. केजी नाकाझावा या जपानी चित्रकाराचे 'बेअरफूट गेन' घ्या. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर बाँब पडला तेव्हा ते सहा वर्षांचे होते. शाळेच्या भिंतीच्या आडोशाला असल्यामुळे बचावले, पण वडील, बहीण आणि भाऊ गेले. इतिहासाच्या पुस्तकात हिरोशिमाला आपण दोन ओळी देतो. मलिक सजाद यांचे 'मुन्नू' २०१५ सालचे. त्यात काश्मिरी माणसे हंगुल हरणाच्या रूपात काढली आहेत. या पुस्तकांतली बरीचशी इंग्रजीत आहेत, हे खरे. पण मराठी माध्यमाच्या मुलाला ३०० पानी इंग्रजी कादंबरी झेपत नाही, तिथे चित्र हात देते. अडलेला शब्द वहीच्या मागे लिहून ठेवावा. माझे असे शब्द दोनशेच्या वर झाले आणि ते मुलांना दाखवायला मला कमीपणा वाटत नाही. एक सूचना मात्र पालकांना करतो. सगळ्याच चित्रकादंबऱ्या सर्व वयांसाठी नसतात. मुलाच्या हाती देण्यापूर्वी आपण एकदा चाळून पाहाव्यात. चित्रे आहेत म्हणून न पाहता देणे हेही चूक आणि न पाहता नाकारणे हेही चूक.

'भीमायन' हे पुस्तक मात्र मी मुद्दाम सांगणार आहे. २०११ साली ते निघाले. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलावंतांनी बाबासाहेब आंबेडकरांच्या जीवनातले प्रसंग त्यात चितारले आहेत. माणसांना चौकटीत कोंडायचे नाही म्हणून त्यांनी चौकटीच काढल्या नाहीत. चांगल्या माणसाचे बोलणे पक्ष्याच्या आकारात आणि विखारी बोलणे विंचवाच्या नांगीच्या आकारात दाखवले आहे. त्यात १९३४ सालचा दौलताबादचा प्रसंग आहे. बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी किल्ला पाहायला गेले आणि तिथल्या तळ्याच्या पाण्याने हातपाय धुतले. त्या वेळी 'तळे बाटवले' म्हणून जे लोक अंगावर धावून आले, ते आपले लोक होते. मुसलमान होते. मी तिथे थांबलो. आपल्यात शिवाशिव नाही, असे मी वर्गात किती वेळा सांगितले असेल! पुस्तक तीन दिवस तसेच मिटून ठेवले होते. वहीत त्या तीन तारखा कोऱ्या आहेत. मग पुन्हा उघडले आणि पूर्ण केले.

आता माझ्या चोरीची गोष्ट. मार्च महिन्यात रमजान सुरू होणार होता. त्यापूर्वी प्रेमचंदांचे 'गोदान' संपवायचे ठरवले होते. ते काही होईना. साधारण दोनशे पानांवर मी अडकलो आणि एके रात्री 'संपले' म्हणून तारीख घालून मोकळा झालो. माझी वही, माझा संकल्प, कोण विचारणार? ईदनंतर शाळेत आलो तेव्हा नववीतल्या एका मुलीने ती नोंद पाहिली. माझे पाहून वर्गातल्या अकरा मुलांनी वह्या घातल्या होत्या, त्यांतली ही एक. तिने शाळेच्या ग्रंथालयातून 'गोदान' हिंदीत वाचले होते. तिने विचारले, "सर, शेवटी धनिया ते पैसे देते, ते तुम्हाला पटलं का?" मी म्हणालो, "हो, पटलं ना." ती म्हणाली, "पण किती थोडे होते, सर!" मी मान हलवली. ती माझ्याकडे क्षणभर पाहत राहिली आणि काही न बोलता जागेवर जाऊन बसली. तिला कळले होते. मलाही कळले होते की तिला कळले आहे.

मुले कॉपी करताना सापडली की आम्ही शिक्षक केवढे रागावतो! दुसऱ्या दिवशी वर्गातच मी वही उघडली, ती नोंद तांबड्या शाईने खोडली आणि कारण सांगितले. वर्ग गप्प होता. नंतर मे महिन्यात निवडणुकीच्या ड्यूटीवर, मतदानाच्या आदल्या रात्री, केंद्रावरच्या बाकावर बसून उरलेले 'गोदान' वाचले. सुतळी विकून आलेले वीस आणे धनिया नवऱ्याच्या नावाने दान करते. घरात दुसरे काहीच नसते. मुलगी बरोबर म्हणत होती. नोंद पुन्हा केली, खऱ्या तारखेनिशी.

वर्षाअखेर हिशेब असा झाला : कादंबऱ्या वीस, चित्रकादंबऱ्या सात. एकूण सत्तावीस, म्हणजे संकल्पापेक्षा नऊ कमी. रमजान, परीक्षा, वर्षात दोनदा निवडणुका ही कारणे आहेतच, पण ऑगस्टमध्ये कोणतेही कारण नसताना मी फक्त एक पुस्तक वाचले, हेही वहीच सांगते.

अकरा मुलांपैकी सहा जणांच्या वह्या वर्षभर टिकल्या. त्या नववीतल्या मुलीची वही मात्र जुलैनंतर थांबली. 'अभ्यास सोडून कादंबऱ्या वाचते' म्हणून घरून बंदी आली. तिच्या पालकांना मी दोष देत नाही. दहावीची धास्ती सर्वांनाच असते. पण त्यांच्यासाठी आणि आपणा सर्वांसाठी एक गोष्ट सांगतो. उर्दूतली पहिली कादंबरी म्हणून जिचा उल्लेख होतो, ती 'मिरातुल उरूस' १८६९ साली प्रसिद्ध झाली. ती लिहिणारे डेप्युटी नझीर अहमद काही काळ शिक्षण खात्यात शाळा तपासनीस होते. आपल्या मुलींना वाचायला योग्य पुस्तके मिळेनात, म्हणून त्या बापाने स्वतः बसून मुलींसाठी ती लिहिली. आपल्याला लिहायची गरज नाही, कपाटे भरलेली आहेत. त्या मुलीने बंदीपूर्वी सात पुस्तके वाचली होती आणि प्रत्येकाचा शेरा माझ्यापेक्षा चांगला लिहिला होता. तिचे वडील आज इथे बसले आहेत. भाषणापूर्वी मी त्यांची परवानगी घेतली आहे. 'परीक्षा झाल्यावर बघू' असे ते म्हणाले. मी ते शब्द धरून ठेवणार आहे.

शेवटी माझ्या अब्बांविषयी. ते शिंपीकाम करीत, उर्दू शाळेत सातवीपर्यंत शिकले. मला रोज वहीत लिहिताना पाहून एकदा म्हणाले, "क्या लिखता रे रोज?" मी रकाने समजावून सांगितले. काही दिवसांनी त्यांनी 'मिरातुल उरूस' मागून घेतली आणि चष्मा लावून महिनाभर वाचत बसले. संपल्यावर वही मागितली. उर्दू उजवीकडून डावीकडे जाते, त्यामुळे त्यांनी माझी वही उलटी केली आणि शेवटच्या पानावरून आपली नोंद सुरू केली. अडलेल्या इंग्रजी शब्दांसाठी मी ती पाने राखून ठेवली होती, आता ते शब्द दुसरीकडे लिहावे लागतात. आजपर्यंत त्यांच्या चार नोंदी झाल्या आहेत आणि माझ्या या वर्षीच्या अकरा.