बोलण्याचा हक्क आणि न सांगण्याचा हक्क
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी मंडळातल्याच एकीने चार शब्द बोलावेत ही आपली प्रथा आहे. यंदा ती पाळी माझ्यावर आली. मी विषय सांगितला तेव्हा चिटणीसबाई म्हणाल्या, "अहो, हा तर वकिलांचा विषय. बायकांना रुचेल का?" मी म्हटले, नुसता वकिलांचा असता तर मी त्याला हातच घातला नसता. आपल्या प्रत्येकीच्या पिशवीत जो फोन आहे, त्याचा हा विषय आहे.

माझ्या लहानपणी आमच्या चाळीत एक काकू होत्या. त्या चौथीपर्यंत शिकलेल्या होत्या. परंतु अक्षर मोत्यासारखे. चाळीतल्या ज्या बायकांना लिहिता-वाचता येत नसे त्या दुपारी आपापली पत्रे घेऊन काकूंकडे येत. कुणाच्या माहेरचे दुखणे, कुणाच्या नवऱ्याची नोकरी, कुणाचे कर्ज, सारे काकूंच्या डोळ्यांखालून जाई. एकदा मी भोचकपणे विचारले, "काकू, त्यांच्या पत्रात काय होते हो?" काकू म्हणाल्या, "अगं, मी नुसते डोळे उसने दिले. पत्र तिचे आहे." एवढे बोलून त्या तांदूळ निवडायला लागल्या. काकूंना कायदा ठाऊक नव्हता. पण आज मी जे सांगणार आहे ते सारे त्या एका वाक्यात आले आहे.

आता माझ्या हातून घडलेली एक चूक सांगते. ज्या घराविषयी ती आहे त्या घरातल्या माउलीची आणि तिच्या लेकीची परवानगी घेऊनच सांगते, आणि नावगाव सांगणार नाही. कोणी तर्क करू नये ही विनंती. काही वर्षांपूर्वी एका संध्याकाळी माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर संदेश आला: अमुक मुलगी शिकवणीहून घरी आलेली नाही, खाली तिचा फोटो, पत्ता आणि वडिलांचा फोन नंबर. माझ्या काळजात चर्र झाले. मी तो संदेश एका मिनिटात पाच गटांत पाठवून दिला आणि देवापुढे दिवा लावला. मुलगी मैत्रिणीकडे अभ्यासाला थांबली होती, फोनची बॅटरी संपली होती. रात्री नऊच्या आत ती घरी आली.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण हरवल्याचा निरोप हजार माणसांनी पुढे पाठवला. सापडल्याचा निरोप पाठवण्याची आठवण कुणाला राहिली नाही. मलाही नाही. तो फोटो महिनोन्‌महिने फिरत राहिला. कुणी त्याला "पळून गेलेली" अशी जोडही दिली. वडिलांना अपरात्री नको नको ते फोन येत. शेवटी त्यांनी वर्षानुवर्षांचा नंबर बदलला, आणि मुलीने शिकवणी सोडली. तिची आई मंडळात येईनाशी झाली. आम्ही म्हणत होतो, "हल्ली त्यांना वेळ मिळत नसेल." वेळ होता हो; आमच्यासमोर यायला तोंड नव्हते, आणि ते आमच्यामुळे.

मुलगी हरवली तर शोधू नये असे मी म्हणत नाही. पण आधी घरच्यांना फोन करून खात्री करावी आणि पोलिसांना कळवावे. आपण संदेश पुढे पाठवलाच, तर ती सापडल्यावर त्याच पाच ठिकाणी "सापडली, आता हा फोटो पुसून टाका" असे कळवणे हेही आपलेच काम.

आता या विषयाच्या दोन बाजू पाहू. एक बाजू बोलण्याची. बाळासाहेब ठाकरे यांचे १७ नोव्हेंबर २०१२ रोजी निधन झाले आणि मुंबई व आसपासचा भाग बंद राहिला. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. तिथल्या एका तरुण मुलीने हा बंद कशासाठी, अशा अर्थाचे चार शब्द फेसबुकवर लिहिले. तिच्या मैत्रिणीने त्याला नुसती पसंती दर्शवली. दोघींना अटक झाली आणि एकीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. दोघींची नावे तेव्हा देशभर छापली गेली. मी ती पुन्हा घेत नाही. लिहिणे राहू द्या, नुसते "आवडले" म्हटल्याबद्दलही अटक! ज्या कलमाचा आधार घेतला ते होते माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ अ. दुसऱ्याला त्रास होईल किंवा गैरसोय होईल असे काही पाठवले तरी त्यात तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकत असे. या प्रकारानंतर श्रेया सिंघल नावाच्या तरुणीने सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला, आणि २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केले.

दुसरी बाजू न सांगण्याची. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांनी रात्री-अपरात्री माणसाच्या घरी जाऊन झोपमोड करणे बेकायदा ठरवले. पण खाजगीपण हा आपल्या घटनेने दिलेला हक्क नाही, असेही त्याच निकालात बहुमताने म्हटले. पुढे निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या अर्जावर नऊ न्यायाधीश बसले आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजी त्यांनी एकमताने सांगितले की खाजगीपण हा मूलभूत हक्कच आहे. मुख्य निकालपत्र न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांचे. आणीबाणीत, १९७६ साली, नागरिकाला अटकेविरुद्ध न्यायालयात दादही मागता येणार नाही असा जो निकाल झाला, त्यात त्यांचे वडील न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड बहुमताच्या बाजूला होते. मुलाने वडिलांचा तो निकाल चुकीचा होता असे लिहून ठेवले. चूक मान्य करायला चाळीस वर्षे लागली तरी मान्य करावी, हा धडा मी त्यातून घेतला. म्हणूनच वरची गोष्ट सांगण्याचा धीर झाला.

भगिनींनो, हे दोन हक्क मला एकाच लुगड्याचे दोन काठ वाटतात. काय बोलायचे ते मी ठरवीन, आणि माझे काय बाहेर जायचे नाही तेही मीच ठरवीन.

काहीजणी म्हणतात, "लपवण्यासारखे काही नसेल तर भ्यायचे कशाला?" मी विचारते, आपण स्नानघराला कडी लावतो ती काय पाप करतो म्हणून? पण उलट बाजूनेही सावध राहिले पाहिजे. "घरातली गोष्ट घरातच राहू दे," असे सांगून किती मारहाणी पिढ्यान्‌पिढ्या झाकल्या गेल्या ते आपल्याला माहीत आहे. ते खाजगीपण नव्हे. खाजगीपण माणसाचे असते, घराच्या भिंतींचे नसते. मार खाणाऱ्या बाईने तोंड उघडले तर ती घराची लाज काढत नाही. स्वतःचा हक्क बजावते. २००५ सालचा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा तिच्याच पाठीशी आहे. मात्र कुणाला सांगायचे, कधी सांगायचे, हे तिने ठरवावे; तिच्यावतीने आपण चौकात सांगू नये.

वर्तमानपत्रांनाही हीच कसोटी लागते. अत्याचार झालेल्या स्त्रीची ओळख छापणे १९८३ पासून गुन्हा आहे. नव्या न्यायसंहितेतही तो कायम आहे. ती मरण पावली तरी तिचे नाव छापता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली सांगितले. वृत्तपत्रांवर नजर ठेवायला १९६६ साली प्रेस कौन्सिल स्थापन झाले, पण त्याला समज देता येते, शिक्षा देता येत नाही. दूरदर्शनच्या वाहिन्या तर त्याच्या कक्षेतच नाहीत. म्हणून वाचकाची नापसंती मोलाची. पण वर्तमानपत्राला नावे ठेवताना हेही ध्यानात घ्यावे, की आज आपल्यापैकी प्रत्येकीच्या हातात एक छापखाना आहे आणि त्याचे संपादक आपणच आहोत.

२०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा कायदा झाला, परंतु माणूस स्वतःच्या वा घरगुती कामासाठी जी माहिती वापरतो तिला तो लागू नाही. शेजारणीने शेजारणीशी कसे वागावे, हे काही कायदा येऊन शिकवणार नाही. ते आपणच ठरवायचे.

म्हणून मी तीन सूचना मांडते. पुढील स्मरणिकेत सभासदांचे पत्ते व फोन नंबर छापण्यापूर्वी प्रत्येकीला विचारावे. जी नको म्हणेल तिला कारण विचारू नये. हळदीकुंकवाचे आणि सहलीचे फोटो, विशेषतः मुलांचे, विचारल्याशिवाय गटाबाहेर पाठवू नयेत. आणि कुणाही माणसाची बदनामी करणारा संदेश आला, तर तो आपल्या फोनवर येऊन थांबावा.

ज्या माउलीची गोष्ट मी सांगितली तिला मी मागच्या महिन्यात घरी जाऊन भेटले आणि क्षमा मागितली. तिने चहा दिला, बराच वेळ काही बोलली नाही. निघताना म्हणाली, "सांगा मंडळात. पण सापडली हेही सांगा." भगिनींनो, ती मुलगी सापडली होती. त्याच रात्री, नऊच्या आत. हा निरोप पोचवायला मला फार उशीर झाला. आपण तो पुढे पोचवावा एवढी विनंती करून मी आपली रजा घेते.