वरिष्ठ न्यायालयाची देखरेख
(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



कायद्याविषयी चार शब्द बोलावे, अशी चिटणीसांची आज्ञा झाली तेव्हा मी संकोचलो. मी वकील नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकून खडूफळ्यात आयुष्य घालविलेला एक निवृत्त शिक्षक आहे. तथापि आपल्या ज्ञातीत वडिलार्जित घर, शेत व वहिवाट यांवरून चाललेले दावे थोडे नाहीत, आणि खालच्या कोर्टात काही विरुद्ध गेले की ‘हायकोर्टात पाहून घेऊ’ हे वाक्य ठरलेले. त्या वाक्याचा खरा अर्थ किती, एवढेच आज सांगावयाचे आहे.

मुंबईचे उच्च न्यायालय १८६२ साली सुरू झाले. ज्या १८६१ च्या कायद्याने ते स्थापन झाले, त्यातच खालच्या न्यायालयांवर देखरेख करण्याचा अधिकार त्यास दिलेला होता. १९३५ च्या कायद्याने तो आखडला. १९५० साली आपल्या राज्यघटनेच्या २२७ व्या अनुच्छेदाने तो पुन्हा विस्तृत झाला. न्यायालयेच नव्हेत, तर महसूल न्यायाधिकरणासारखी न्यायाधिकरणेही त्याखाली आली. आणीबाणीत, १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने, न्यायाधिकरणे त्यातून वगळली गेली. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने ती परत आली. कुळकायद्याची प्रकरणे लढविणाऱ्यांना याचे मोल निराळे सांगावयास नको.

परंतु देखरेख म्हणजे अपील नव्हे. मी माझ्या अनुभवातील दृष्टांत देतो. शाळातपासणीस अधिकारी येत. हजेरीपत्रक पाहात, वर्ग वेळेवर भरतो की नाही, नेमलेला अभ्यासक्रम शिकविला जातो की नाही, याची चौकशी करीत. एखाद्या मुलास परीक्षेस बसूच दिले नसेल, तर शिक्षकाची कानउघाडणी होई. पण मी निबंधास दहापैकी सहा गुण दिले, ते सात का नाहीत, म्हणून त्यांनी वही कधी हाती घेतली नाही. उच्च न्यायालयाची देखरेख अशीच आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली वर्याम सिंग यांच्या प्रकरणात हेच सांगितले, की हा अधिकार खालच्या न्यायालयांस त्यांच्या अधिकाराच्या मर्यादेत ठेवण्यासाठी आहे, केवळ चुका दुरुस्त करण्यासाठी नव्हे. न्यायाधीशाने नसलेला अधिकार वापरला, असलेला वापरण्याचे नाकारले, एका पक्षाचे म्हणणे न ऐकताच निर्णय दिला, तर वरिष्ठ न्यायालय हात घालते. दोन साक्षीदारांपैकी कोणावर विश्वास ठेवावा, हे ते सहसा पुन्हा तोलीत नाही.

हा धडा मी पुस्तकातून शिकलो नाही. माझ्या विधवा भगिनीने शेतातील हिश्शासाठी दावा लावला होता. वडिलांच्या हातचा वाटणीचा एक कागद माझ्या ट्रंकेत अनेक वर्षे पडून होता. तो मला सापडला, तेव्हा दोन्ही बाजूंचा युक्तिवाद संपला होता. विलंबाचे कारण काय, असे कोर्टाने विचारले; आम्हांपाशी उत्तर नव्हते, म्हणून कागद घेतला गेला नाही. मी हट्टाने उच्च न्यायालयात अर्ज करावयास लाविला. दीड वर्ष आणि भगिनीच्या दोन बांगड्या त्यात गेल्या. तेथे सांगण्यात आले, की खालच्या न्यायाधीशांना तो अधिकार होता आणि त्यांनी तो कारणे देऊन वापरला आहे. आम्ही त्यात पडणार नाही. दावा त्या कागदावाचून निकालात निघाला, आणि भगिनीला मिळावयाचे ते पुरते मिळाले नाही. यात न्यायाधीशांकडे मी बोट दाखवीत नाही. दोष माझ्या ट्रंकेचा होता, म्हणजे माझाच होता.

१८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरास उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले आहे. आपल्या भागातील पक्षकारांचा प्रवास कमी झाला, ही समाधानाची गोष्ट. पण वाट जवळची झाली म्हणून ऊठसूट चालू नये. आपला खरा न्याय बहुधा तालुक्याच्या कोर्टातच व्हावयाचा असतो. कागद तेथे वेळेवर न्यावेत, साक्षीदार तेथे उभे करावेत, आणि भावाभावांत तडजोड होत असेल तर त्याहूनही आधी घरीच करावी. मात्र कोणी तुमचे ऐकूनच न घेता तुम्हांस दाराबाहेर काढले, तर मुळीच भिऊ नये. २२७ व्या अनुच्छेदाचे दार गरिबासाठीही उघडे आहे.

घरी गेल्यावर प्रत्येकाने आपापली ट्रंक एकदा उघडून पाहावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.