पळण्याआधी भाकर

(नागोठणे येथे उपासनेनंतर केलेले भाषण)



गेल्या वर्षी तुमच्या अर्पणातून मी कातकरी वाडीतल्या मुलांसाठी फुटबॉल आणि टी-शर्ट घेतले. मुले खेळली की धडधाकट होतील, असे मला वाटले. एका सकाळी शर्यत लावली. झाडावर सरसर चढणारा, अंबा नदीत हाताने मासे धरणारा दहा वर्षांचा एक मुलगा पहिल्या फेरीत सर्वांच्या पुढे होता. तिसऱ्या फेरीत तो खाली बसला. डोळ्यांपुढे अंधारी आली होती. पोटात सकाळपासून फक्त कोरा चहा होता. मी आधी विचारायला हवे होते.

या मुलांच्या अंगात चपळाई आहे, पण दम टिकत नाही. त्याचे कारण घराच्या मिळकतीत आहे. पावसाळ्यात हाताला काम नसते, तेव्हा वीटभट्टीची उचल घ्यावी लागते. ती फेडायला दिवाळीनंतर अख्खे कुटुंब भट्टीवर जाते आणि पावसाच्या तोंडावर परतते. तेवढ्यात धाकट्याची अंगणवाडी सुटते, थोरल्याचे शाळेतले जेवण सुटते. डाळ, अंडे, भाजी ताटात क्वचितच येते. रक्त कमी पडले की शरीराला प्राणवायू कमी मिळतो आणि लवकर धाप लागते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षांच्या १०० पैकी सुमारे ६९ मुलांत रक्तक्षय आढळला. म्हणजे आपलीही घरे त्यात आली. फरक इतकाच, की आपण उद्या मुलाला अंडे देऊ शकतो.

दानीएल व त्याच्या सोबत्यांनी राजाचे पक्वान्न नाकारून शाकभाजी निवडली आणि ते सुदृढ राहिले. पण त्यांना निवड होती. याइराची बारा वर्षांची कन्या उठून चालू लागली, तेव्हा प्रभू येशूने तिला खायला देण्यास सांगितले. चमत्कारानंतरही भूक त्याच्या लक्षात होती.

म्हणून यंदा टी-शर्ट नकोत. वाडीतल्या दोन आज्या नातवंडांना घेऊन मागे राहायला तयार आहेत. त्यांच्यासाठी मे अखेरपर्यंत तांदूळ, डाळ, तेल व अंडी हवीत, म्हणजे मुलांची शाळा आणि अंगणवाडी तुटणार नाही. पाच वर्षांखालील मुलांचे दंडघेर आम्ही दरमहा मोजू. तो ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर त्याच दिवशी मुलाला प्राथमिक आरोग्य केंद्रात नेऊ.

शर्यत पुन्हा लावू, पण न्याहारीनंतर. त्या दिवशी तुम्हीही या. प्रभू तुम्हांला आशीर्वाद देवो.